ड्रायव्हरची शीट धरत नाहीत

दोन हजार अठरा साल. माझं वय एकसष्ट. त्या उन्हाळ्यात माझं पोट स्टेरिंगला टेकलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, टेकलं म्हणजे पोट वाढलं. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, स्टेरिंग मागं आलं. गाडी जुनी. नट झिजतात, पाइप ढिला होतो, काहीही होऊ शकतं. मिसरूड फुटल्यापासून मी गाडीवर आहे. गाडीचं काय बिघडलं ते मला कळतं. माणसाचं काय बिघडलं ते डॉक्टरनं बघावं, तेही बोलावल्यावर.

दिवाळी अंकवाले म्हणाले, धंद्यातले अनुभव लिहा. मी तिसरी शिकलेला. चौथीत नाव होतं, पण वडिलांची दमणी, म्हणजे माणसं नेणारी हलकी बैलगाडी, हाकायला माणूस पाहिजे होता, म्हणून वर्गात मी कधी दिसलो नाही. अक्षर वाकडं आहे. तुम्ही छापील वाचणार, तेव्हा तुम्हाला काय फरक पडतो?

माझा धंदा काळी-पिवळी जीपचा. देवगाव फाटा ते सेलू, सेलू ते देवगाव फाटा. घर फाट्याच्या अलीकडच्या गावात. आमच्या धंद्यात माणसाला माणूस म्हणत नाहीत, शीट म्हणतात. "किती शीटा झाल्या?" "एक लेडीज शीट हाय, मधी घ्या." कागदावर जीप मोजक्या माणसांची असते. पण कागदाला उन्हात फाट्यावर उभं राहावं लागत नाही. सकाळी कॉलेजची पोरं, बाजाराच्या बाया, दवाखान्याचे म्हातारे. कुणाला म्हणणार, तू उतर? कायद्याच्या माणसांनी एवढा भाग सोडून पुढं वाचावं.

नवखा ड्रायव्हर शीट बसवताना वजनाकडं बघतो. वजनाचं काही नसतं, ते स्प्रिंग उचलते. बघायची ती बैठक. आमच्या गाडीला एक उंच मास्तर यायचे. ऐंशी किलोचा माणूस, पण गुडघे मिटून एका शिटात मावायचे. तेवढ्याच ऐंशी किलोची आमची गोंदाबाई. मूळची वालूरची, आमच्या गावात दिलेली. सेलूच्या बाजारात मिरच्या विकते, आणि मिरच्यांचा गुण जिभेला लागलेला. उंची दाराच्या कडीएवढी. तिला दीड शीट लागायची. वजन तेच, मग जागा जास्त का? ज्वारीचं पोतं उभं ठेवलं तर कोपऱ्यात राहतं, आडवं टाकलं तर वाट अडवतं. बस्स, एवढंच आहे ते.

बसवायची हिकमत अशी की दोन रुंदांच्या मधी एक वाळका घालायचा. एकानं पाठ टेकायची, शेजारच्यानं पुढं सरकायचं. करवतीचे दात असतात तसं. सगळ्या फाट्यावर माझ्यासारखी शीट कुणी लावत नव्हतं. हे मी नाही म्हणत, लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

आणि मला घराणं कळायचं. एका घरची माणसं लग्नाला निघाली की मागं न बघता, गाडी किती बसली त्यावरून मी सांगायचो कुणाचं घर आहे. बाप रुंद, लेक रुंद, नात रुंद. शेजारच्या घरी आजा काटकी, नातू काटकी. खानदानी हाड, दुसरं काय. आमचंही हाड जड. वडील जड, चुलते जड, मी जड, माझा लेक सोपान जड. आम्ही चौघं ओट्यावर बसलो की ओटा भरलेला दिसायचा. ह्यात लाजण्यासारखं मला काही दिसलं नाही.

धंद्याचा एक नियम सांगायचा राहिला. ड्रायव्हरची शीट धरत नाहीत. चौदा शीटा म्हणजे ड्रायव्हर सोडून चौदा. तो अर्धा दाराबाहेर लटकू दे, तिरका बसू दे, त्याला मोजत नाहीत. हा नियम मी जन्मभर पाळला, आणि ह्याच नियमानं माझा घात केला.

तर स्टेरिंग मागं आलं होतं. मी गाडी सेलूला बशीरभाई वेल्डरकडं नेली. म्हणलो, माझी शीट मागं घ्या, पक्की वेल्डिंग करा.

बशीरभाईनं आधी स्टेरिंग बघितलं, मग मला बघितलं. "नाना, शीट पीछे लिया तो पाय पहुंचेगा क्या?"

"पहुंचेगा. पाय मेरा हाय."

पाय पोचला नाही. बोटं टेकायची, क्लच दबायचा नाही. मग मी क्लचवर बाभळीचा ठोकळा बसवून घेतला. बशीरभाईनं "या अल्ला" म्हणून बोल्ट आवळला. मला वाटलं, काम झालं.

दुसऱ्या दिवशी मधल्या रांगेत बाया बसायला लागल्या तर गुडघे माझ्या शिटाच्या पाठीला लागायले. चार बसायच्या तिथं तीनच मावायल्या.

"नाना," गोंदाबाई म्हणाली, "गाडी आटली का वो? काल तर आमी चौघी बसलो व्हतो."

"शीट मागं घेतली."

"का?"

"स्टेरिंग मागं आलं."

तिनं मान पुढं करून नीट बघितलं. "स्टेरिंग न्हाई आलं नाना. तुमी गेलाव त्याच्याकडं."

सगळी गाडी हसली. मी गिअर टाकला. हसणाऱ्या गाडीत ड्रायव्हरनं बोलू नये.

पुढं थोड्याच दिवसांत, दुपारच्या वेळेला, फाट्याच्या वळणावर ठोकळा निसटला. पाय ताणलेला होता, तो तसाच अडकला, आणि गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यापुढं काजवे चमकले. गाडी सावकाश, अगदी ओळखीच्या पाहुण्यासारखी, रस्त्याकडेच्या कडब्याच्या गंजीत शिरली आणि थांबली. कुणाला खरचटलं सुद्धा नाही. मागून गोंदाबाईचा आवाज आला, "आता गाडीलाबी वैरण लागायली का, नाना?"

मला उतरता आलं नाही. गुडघा टरबुजाएवढा झाला होता. सोपान आला, मला घरी नेलं, आणि गाडीची चावी आपल्या खिशात टाकली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला मागता आली नाही.

चावीचं एवढं का, ते सांगतो. आमच्याकडं नागपंचमीला लेकी माहेरी आणतात. आणायला जातो त्याला मुराळी म्हणतात, त्या बोलावण्याला मूळ. गावातल्या कितीक लेकी माझ्या गाडीतून माहेरी आल्या. लांबून हॉर्न ऐकून पोरी सासूला म्हणायच्या, "आमचं मूळ आलं." माझी वच्छला मानवतला दिलेली. लग्न झाल्यापासून तिची एकही पंचमी मी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. सोपान गाडी बरी चालवतो, खोटं कशाला बोलू. पण बहिणीच्या दारात गाडी उभी करून तो हॉर्न देतो आणि मोबाइल बघत बसतो. उतरत नाही. व्याह्याच्या ओट्यावर बसत नाही. लेक अशी आणतात का? ती काय पार्सल आहे?

तेव्हा मला एकच घोर होता. पंचमीपर्यंत स्टेरिंग परत मिळालं नाही, तर मुळाला सोपान जाणार.

सेलूच्या डॉक्टरीणबाई माझ्या वच्छीच्या वयाच्या. बरोबर आमची कौसाबाई, म्हणजे घरची. बाईंनी गुडघा दाबला, पाय वाकवून बघितला. मी सगळी हकीकत सांगितली, स्टेरिंग मागं आलं तिथून. बाईंनी ऐकून घेतलं आणि मला भिंतीला उभं केलं.

"एकशे साठ सेंटिमीटर."

"म्हणजे किती?"

"पाच फूट तीन इंच."

"मी पाच फूट सहा आहे."

"कुणी मोजलं होतं?"

"सोयरिकीच्या वेळी वडिलांनी सांगितलं व्हतं."

"मलाबी तेवढीच सांगितली व्हती," कौसाबाई म्हणाली. "अंतरपाट खाली आला तवाच म्या वळखलं."

मग काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी किलो. बाईंनी हिशेब केला आणि मला समजावून सांगितला. मी तुम्हाला सांगतो, सोपा आहे. उंची मीटरमधी धरायची, तिला तिनंच गुणायचं, आणि येईल त्या आकड्यानं वजनाला भागायचं. माझा आकडा तेहतीसला टेकला होता. आपल्या लोकांचा तेवीसच्या आत असावा, पंचवीस झाला की जड. ह्याला बीएमआय म्हणतात.

मी म्हणलो, "बाई, ही तर शीटच झाली! उंचीच्या मानानं माणूस किती पसरलाय ते बघायचं. आमी जन्मभर हेच करायलोत."

"अगदी तेच," बाई हसल्या. "मग नाना, तुमची किती शीट?"

"ड्रायव्हरची शीट धरत नाहीत."

"गाडीत धरत नसतील. गुडघा धरतो ना."

हे मला आवडलं नाही. मी तक्रार काढली. मानवतच्या अडतीवर माझ्या ओळखीचा एक हमाल आहे. माझ्याएवढा उंच, माझ्याएवढा जड, क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढतो. मी विचारलं, त्याचाही आकडा तेहतीस येणार, मग त्याला काय म्हणणार?

बाईंनी कबूल केलं. म्हणाल्या, "आकड्याला मांस आणि चरबी ओळखू येत नाही. म्हणून कंबर पण मोजायची." आणि टेप काढून माझी कंबर मोजली. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही पोती वाहता का?"

"न्हाई. पोती वाहणाऱ्यांना वाहून नेतो."

"घरात अजून कुणाचं वजन जास्त आहे?"

"सगळ्यांचं. खानदानी हाय. हाडच जड आमचं."

इथं कौसाबाईनं पदर खोचला. बत्तीस दात सगळे शाबूत असलेली बाई आहे, पण डॉक्टरपुढं कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं.

"मी कुठल्या खानदानातली वो?" ती म्हणाली. "मला आणली तवा तुमची आई म्हणली, ही सून हाय का तुराटी? आन् आज ह्या खुर्चीतून उठायला हात द्यावा लागतोय. आपली सून शोभा, सोपानशी लग्न झालं तवा कशी व्हती? तीबी तसलीच, काडी. आता बघा. आन् आपली वच्छी, तुमच्या रक्ताची, तुमच्या जड हाडाची, मानवतला गेली आन् चवळीची शेंग झाली. आलेल्या सुना फुगल्या, गेलेली लेक वाळली. मग हाड कुणाचं म्हणायचं?"

मी गुडघा चोळायला लागलो.

"आन् मोत्या?"

"मोत्या कोण?" बाईंनी विचारलं.

"कुत्रं. चोर आला तरी उठत न्हाई, मान वळवून बघतंय नुसतं. ते काय ह्यांच्या वडलांवर गेलंय?"

वच्छीचं मला लागलं. दर पंचमीला मी तिला गाडीत घ्यायचो, आणि ती बसली तरी गाडी दबायची नाही. मला वाटायचं, लेकीला पोटभर मिळत नाही. एकदा व्याह्यांना मी तोंडावर बोललो होतो, "आमची लेक वाळवलीत." ते शांतपणे म्हणाले, "वाळवली न्हाई नाना. तुमच्याकडून जे वझं आणलं व्हतं, ते तेवढं उतरवलं." तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो.

बाई मला म्हणाल्या, "नाना, तुमचंही थोडं खरं आहे. आईबापाकडून कल येतो. पण रस्त्याला उतार आहे म्हणून तुम्ही ब्रेक सोडून बसता का? उतार वडिलांचा असेल, ब्रेक तुमचाच आहे. घरात जेवण कसं असतं ते सांगा."

मी म्हणलो, साधं असतं. भाकरी, पिठलं, भाजी.

"आन् पाव्हण्याची भाकर?" कौसाबाई म्हणाली.

वडील दमणी हाकायचे. तेव्हा रस्ता कच्चा, गाडी चुकली की माणूस फाट्यावरच अडकायचा. वडील त्याला घरी घेऊन यायचे. म्हणून त्यांचा नियम होता की दोन्ही वेळा टोपल्यात दोन भाकरी जास्तीच्या पाहिजेत, पाहुण्याच्या. टोपलं रिकामं करून ह्या घरात कुणी उठायचं नाही. वडील गेले, नियम राहिला. पण डांबरी रस्ता झाला, जीपा आल्या (त्यात माझीही), फाट्यावर हॉटेलं झाली. पाहुणा यायचा थांबला, भाकरी थांबल्या नाहीत. अन्न टाकायचं नसतं. मग सकाळची भाकर दुपारी चहाबरोबर जायची. रात्रीच्या भाकरीचे सकाळी कुटके व्हायचे, शेंगदाणे घालून, तेल सोडून. "घ्या, एवढंच उरलंय." "तुमी घ्या." "अर्धं अर्धं घेऊ." आणि शेवट मोत्या. पाहुण्याच्या नावाची म्हणून ती भाकर जेवणात कुणी धरायचंच नाही. ड्रायव्हरसारखीच.

"त्या दोन भाकरी बंद करा," बाई म्हणाल्या.

"ते होणार न्हाई. वडलांचा शब्द हाय."

"बरं. रोज थोडं चाला. सपाट रस्त्यानं, सावकाश."

"ड्रायव्हर माणूस पायी चालला तर लोक म्हणतील, गाडी विकली."

बाईंनी पेन खाली ठेवला. "मग माझंही ऐका. पाय ताणून ताणून गुडघा गेलाय. तो ठोकळा काढायचा. शीट पुढं होती तिथं आणायची, आणि तिथं बसून पोट टेकत नसेल तरच गाडी चालवायची. टेकत असेल तर सोपान चालवील. पंचमीच्या आधी येऊन दाखवा."

घरी येऊन मी अंगणातल्या गाडीत चढलो. शीट जुन्या जागी असती तर कुठं बसलो असतो, तेवढा पुढं सरकलो. हॉर्न वाजला. हात दोन्ही मांडीवर होते.

त्यानंतर गुडघ्याचं औषध आणायला मला सेलूला जायचं होतं. फाट्यावर मी जन्मात पहिल्यांदा शीट म्हणून उभा राहिलो. सोपान म्हणाला, "बाबा, पुढं बसा." मी म्हणलो, पुढं लेडीज बसू दे. मी मागं बसतो. ताठा, दुसरं काय.

मागं चढलो, गोंदाबाईच्या समोर बसलो. सोपान मोजायला लागला, "ह्या बाजूला चार."

"चार कशे मावतेल?" गोंदाबाई म्हणाली. "नाना दीड शीट हायत."

"मी दीड?"

"तुमीच शिकिवलंय की. वजन बघायचं न्हाई, बैठक बघायची." मग पोरांकडं वळून, "ए, वाळके कोण हायत रे? दोघं जण या, नानाच्या दोन बाजूला लागा. एकानं टेकायचं, एकानं सरकायचं."

दोन कॉलेजची पोरं आली आणि माझ्या दोन्ही बाजूला लागली. करवतीच्या दातासारखी, बराबर. मी मधी, आडव्या पोत्यासारखा. माझ्या गाडीत, माझ्याच नियमानं, मला मोजलं होतं, आणि मोजणी चुकलेली नव्हती. तीच माझी पंचाईत झाली.

गाडी हलली तेव्हा एक म्हातारी हात करत राहिली. दवाखान्याची पिशवी होती तिच्याजवळ. सोपान म्हणाला, "मावशी, मागच्या गाडीनं या, जागा न्हाई." बारीक म्हातारी होती. अर्ध्या शिटात मावली असती. ती अर्धी शीट कुणाच्या बुडाखाली होती, ते गाडीत सगळ्यांना माहीत होतं. गोंदाबाई बाहेर बघायला लागली.

संध्याकाळी जेवायला बसलो. टोपल्यात पाहुण्याच्या दोन भाकरी होत्या. मी त्यांच्याकडं लय वेळ बघितलं.

"पाव्हण्याची भाकर उद्यापासून सकाळीच करायची, रात्री न्हाई," मी म्हणलो. "आन् ती आपण खायची न्हाई."

"मग कोण खाणार?" कौसाबाईनं विचारलं.

"पाव्हणा."

"कुठाय पाव्हणा?"

"हुडकतो."

असा मी चालायला लागलो. डॉक्टरनं सांगितलं म्हणून नाही. फडक्यात दोन भाकरी, वर चटणी, आणि फाट्यापर्यंत सावकाश पायी. पहिल्या दिवशी पाहुणा सापडला नाही. भाकरी घरी परत न्याव्या तर वडिलांचा अपमान. म्हणून लिंबाखाली बसून मीच खाल्ल्या. हे घरी सांगितलं नाही. मोत्या बरोबर होता, तोही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी एक मेंढपाळ भेटला. त्यानं भाकर हातात घ्यायच्या आधी विचारलं, "कितीला?" फुकट म्हणलो तर त्यानं भाकर उलटीपालटी करून बघितली. मग ऊसतोडीहून परतणारं एक बिऱ्हाड भेटलं, पेटी-बोचकं घेऊन गाडीची वाट बघत. त्यांनी खाल्ली, वर पोराला माझ्या पाया पडायला लावलं. हळूहळू फाट्यावर माहीत झालं. कुणी अडलेला, भुकेला दिसला की हॉटेलवाला सुद्धा मला हाक मारायचा. गोंदाबाईनं एक दिवस सगळ्यांदेखत विचारलं, "नाना, इलेक्शनला उभं राहायलाव का?"

इकडं घरात कुटके बंद झाले, कारण उरायचंच काही नाही. "घ्या की अजून" म्हणायला टोपल्यात काही नसायचं. पहिले दिवस मी चिडचिड केली, तो हिशेब कौसाबाईकडं असेल. पुढं सवय झाली. शोभाचं दम लागणं कमी झालं. सोपान जिना दमानं का होईना, न थांबता चढायला लागला. आणि एका दुपारी मोत्या उठून पोस्टमनवर भुंकला. घरातले सगळे बाहेर आले बघायला.

पंचमीला चार दिवस राहिले तेव्हा मी डॉक्टरीणबाईंकडं गेलो. वजन अठ्ठ्याहत्तर. आकडा तिशीला आला होता. बाई म्हणाल्या, "जड अजून आहातच. पण सूज गेली, गुडघा चांगला वाकतो. आता शीट पुढं घ्या. पोट टेकलं नाही तर पंचमीला जा."

"आन् टेकलं तर?"

"तर सोपान."

ठरलं. सकाळी बशीरभाई, तिथून सरळ मानवत. दिवेलागणीला मी लवकर जेवायला बसलो. ताट समोर आलं, दोन भाकरी, दोडक्याची भाजी. पहिला घास मोडणार तेवढ्यात दारात कुणीतरी सायकल टेकवली.

बांगड्यावाला होता. पंचमीच्या आधी गावोगाव फिरतात त्यातला. उंच, वाळका, अर्ध्या शिटाचा माणूस. सायकल पंक्चर, पाठीवर बांगड्यांची पेटी, सकाळपासून चहावर होता. म्हणाला, "बाई, पाणी द्या वाईच."

कौसाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी टोपल्याकडं बघितलं. टोपल्यात फडकं होतं, दुसरं काही नाही. सगळ्यांची जेवणं मोजून झालेली. इतकी वर्षं पाहुण्याची भाकर आम्ही खाल्ली, आणि खरा पाहुणा दारात आला त्या दिवशी टोपलं रिकामं. वडील वर बसून बघत असतील तर मला तिथं जायची सोय राहिली नव्हती.

"बसा," शोभा म्हणाली, "मी पीठ मळते."

"नको नको, अंधार पडायच्या आत पुढच्या गावाला पोचायचंय."

मी माझं ताट उचललं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"आन् तुमचं?" शोभानं विचारलं.

"माझं झालं."

"कवा झालं?" कौसाबाई म्हणाली.

"आत्ताच."

पाहुणा जेवला. एक भाकर खाल्ली, भाजी पुसून खाल्ली, आणि ताट सरकवलं. "लय मोठी भाकर हाय तुमच्याकडं. एकीतच झालं." जाताना कौसाबाईनं वच्छीसाठी बांगड्या घेतल्या. त्यानं माप विचारलं. "बारीक द्या," ती म्हणाली, "बरी हाय ती, बारीकच."

तो गेला आणि ताटात एक भाकर राहिली. अख्खी. मी उपाशी, भाकर माझ्याच वाटणीची, आणि घरातले सगळे माझ्याकडं बघायलेत. मोत्या सुद्धा. वडिलांनी दोन भाकरी सांगितल्या होत्या. पाहुण्याला एकच लागते, हे त्यांना कधी कळलं नसेल का? की कळूनही दुसरी ठेवत होते, घरात कुणाला तरी हवीच असते म्हणून? मला माहीत नाही. मी एक काकडी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यालो, आणि ती भाकर फडक्यात बांधून खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपाननं गाडी सेलूला नेली. दुकान उघडायच्या आधी आम्ही दारात. भाकर मी बशीरभाईच्या हातात दिली. तो म्हणाला, "ये काहे को?" मी म्हणलो, तुम्ही आज माझे पाहुणे. ठोकळा काढला. शीट उचकटून पुढं, जुन्या भोकांवर आणली. मी चढून बसलो, पोट आत ओढलं आणि म्हणलो, "मारा वेल्डिंग."

ठिणग्या उडाल्या. मी छतात बघत बसलो. वेल्डिंग झालं, थंड झालं.

"नाना," बशीरभाई म्हणाला, "सांस तो छोडो."

"गडबड काय हाय?"

"बाबा, सोडा," सोपान म्हणाला.

मी सोडला. पोट आलं, आलं, आणि स्टेरिंगच्या अलीकडं थांबलं. हॉर्न वाजला नाही. मधी एक बोट जात होतं. माझं नाही, बशीरभाईचं. त्याची बोटं बारीक आहेत. पण जात होतं.

मी सोपानपुढं हात केला. त्यानं चावी दिली, आणि गुमान जाऊन मधल्या रांगेत बसला. मी क्लच दाबला, हॉर्न हातानं वाजवला, आणि मानवतच्या रस्त्याला लागलो.